वाळूवर तपकिरी बुळबुळीत जाळं, त्यात बुडबुडे, रात्री गायब, स्नेल मरतायत. हे डायटम (काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ) का सायनो (शेवाळासारखा थर धरणारे बॅक्टेरिया) का अजून काही?

खारंपाणी_पुणे
नमस्कार मंडळी. माझा २०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं प्रवाळ-माशांचं मत्स्यालय आहे (दगड-वाळू सोडून निव्वळ पाणी तेवढं), चालू करून ८ महिने झाले. सगळा ड्राय रॉक (कोरडा, जीवसृष्टी नसलेला दगड) वापरून सुरू केलेला. दोन क्लाउनफिश, एक गोबी, आणि सॉफ्ट कोरलच आहेत, म्हणजे झोआ, मशरूम आणि एक लेदर. सहा महिने एकदम मस्त चाललं होतं, गेल्या दीड महिन्यापासून वाळूवर तपकिरी डाग यायला लागले, मी म्हटलं डायटम असतील जातील, पण ते जाण्याऐवजी वाढतच गेले आणि आता वाळू, दगड, वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप), झोआंच्या देठांवर सगळीकडे शेंबडासारखे तंतू लोंबतायत आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला हवेचा बुडबुडा. सकाळी लाइट लागायच्या आधी बघितलं तर वाळू जवळजवळ पांढरी असते, दुपारी तीनपर्यंत पुन्हा सगळं तपकिरी.

मी काय काय केलं ते सांगतो. नायट्रेट ० (सॅलिफर्टच्या किटने), फॉस्फेट पण ० (हॅनाच्या चेकरने). सॅलिनिटी ३५, तापमान २६. पाणी आरओडीआय फिल्टरचं (क्षार काढून टाकलेलं), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार ०. दर आठवड्याला २५ टक्के वॉटर चेंज करत होतो ते आता आठवड्यातून दोनदा करतोय. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) दुप्पट केला. खाणं दिवसाआड केलं. दर रविवारी दोन तास बसून सायफन करतो, दोन दिवसात परत जैसे थे. सगळ्यात वाईट म्हणजे ६ टर्बो स्नेल (शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी) होते त्यातले ४ गेल्या दहा दिवसात उलटे पडून मेले, झोआ निम्म्या बंद.

शिवाय मागच्या काचेवर थोडं हिरवं केसाळ शेवाळ आहे आणि एका दगडाच्या कोपऱ्यात पिसासारखं दिसणारं गडद हिरवं काहीतरी. दुकानदार म्हणाला लाल शेवाळाचं औषध टाका एका रात्रीत साफ होईल. टाकू का? खरं सांगायचं तर रोज ऑफिसमधून आल्यावर आधी टँककडे बघवत नाही असं झालंय.

द्राक्षबाग_नाशिक
डायटमच वाटतंय भाऊ. माझ्याकडे पण आलेले पहिल्या दोन महिन्यात, काही केलं नाही, आपोआप गेले. सिलिकेट बघा पाण्यात, डायटम त्यावर वाढतात.

शारजा_रीफ
८ महिन्यांच्या टँकमध्ये, तेही टीडीएस ० असताना, डायटम एवढे तंतू धरून लोंबत नाहीत सहसा. मला सायनोची शंका येते. माझ्याकडे सायनो आलेलं तेव्हा पण बुडबुडे होते. पण रंग लालसर-मरून होता आणि चादरीसारखं अख्खं निघायचं, कोपरा धरून उचललं की साल निघावी तसं. तुमचं तसं निघतं का? का हात लावला की विरघळून पाण्यात पसरतं?

खारंपाणी_पुणे
नाही, चादर नाही. टर्की बास्टरने (रबरी फुगा असलेल्या मोठ्या पिचकारीने) फुंकलं की तुटून तुटून पाणी गढूळ होतं आणि तासाभरात परत बसतं. रंग गंजासारखा तपकिरी, लाल नाही.

सागरगोटा
थांबा. औषध टाकू नका. आणि पुढचं वाचेपर्यंत वॉटर चेंजही करू नका.

तुम्ही लिहिलेल्या पाच गोष्टी एकत्र बघा. तंतू आणि टोकाला बुडबुडे, रात्री गायब, स्नेल मरणं, नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य, आणि जेवढी सफाई कराल तेवढं वाढणं. हे ९० टक्के डायनोज आहेत, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, शेपटीसारख्या धाग्याने पोहणारे एकपेशीय जीव. मी स्वतः यातून गेलोय, ठाण्यात माझा ३०० लिटरचा टँक आहे, पहिल्यांदा आले तेव्हा मीही हेच सगळं केलं जे तुम्ही करताय आणि चार महिने घालवले, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून रात्रीच उत्तर लिहायला बसलो.

बाकी बहुतेक शेवाळांना आपण उपाशी ठेवून हरवतो. हिरवं केसाळ शेवाळ घ्या, नायट्रेट-फॉस्फेट कमी केलं, खाणं कमी केलं, की ते आटोक्यात येतं. डायनोजचं उलटं आहे. पाण्यात खायला काही उरलं नाही की हिरवं शेवाळ आणि दगडावरचे चांगले बॅक्टेरिया आधी मरतात, जागा रिकामी होते, आणि डायनोज मात्र उजेडावरही जगतात आणि बारीक जीव गिळूनही जगतात. म्हणजे तुम्ही जीएफओ वाढवून, खाणं तोडून त्यांच्या सगळ्या शत्रूंना मारलंत आणि त्यांना रान मोकळं करून दिलंत. ड्राय रॉकच्या टँकमध्ये हे जास्त होतं कारण मुळात त्यावर जीवसृष्टी कमी असते, आणि नवीन कोरडा दगड पाण्यातलं फॉस्फेट शोषत राहतो.

पण ९० टक्के म्हणजे १०० नाही. आधी खात्री करा. एका बाटलीत ते चिकट घेऊन टँकचंच थोडं पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा, अगदी ताक घुसळल्यासारखं, सगळे तंतू मोडेपर्यंत. मग चहाच्या गाळणीत टिश्यू पेपर किंवा कॉफी फिल्टर ठेवून ते पाणी स्वच्छ काचेच्या ग्लासात गाळा. ग्लास टँकच्या लाइटखाली तासभर ठेवा. पाणी स्वच्छ दिसत असताना त्यात परत तंतू जमून बुडबुडे धरायला लागले तर डायनोज. सायनोचे धागे लांब असतात, ते कागदावरच अडकतात आणि खाली आलेल्या पाण्यात असं पटकन जमत नाही.

एक कळकळीची सूचना, सायफन तोंडाने ओढून सुरू करत असाल तर आजपासून बंद. काही डायनोज विष तयार करतात, तुमचे स्नेल त्यानेच मेले असण्याची शक्यता आहे. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोवाच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिऑप्सिस नावाचे डायनोज माजले होते तेव्हा नुसत्या समुद्रावरून येणाऱ्या तुषारांमुळे २०० च्या आसपास लोकांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास होऊन डॉक्टरकडे जावं लागलं होतं. घरातल्या टँकमध्ये तेवढं होत नाही पण ग्लोव्हज घाला, जखम असलेला हात पाण्यात घालू नका.

खारंपाणी_पुणे
सागरगोटा दादा, काय बोलू, वाचून एकाच वेळी धीर पण आला आणि धक्का पण बसला. आत्ताच केली टेस्ट. गाळलेलं पाणी एकदम स्वच्छ होतं, पन्नास मिनिटांनी बघितलं तर ग्लासच्या तळाशी तपकिरी जाळं आणि दोन बुडबुडे वर आलेले. बायकोने पण बघितलं, ती म्हणाली हे जिवंत आहे म्हणजे. सायफन मी तोंडानेच ओढत होतो, आता हातपंपवाला मागवलाय.

आता काय टाकू?

मायक्रोताई_कोल्हापूर
अजून काही टाकू नका, आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते आणि घरी ९० लिटरचा छोटा रीफ आहे म्हणून लिहितेय. डायनोज हे एका जिवाचं नाव नाही, मोठं कुळ आहे. तुमच्या झोआ आणि लेदरच्या पेशींच्या आत राहून त्यांना अन्न देणारी झूझँथेली हीसुद्धा डायनोफ्लॅजेलेटच. म्हणून सरसकट सगळ्या डायनोना मारेल असं औषध पाण्यात ओतणं हे कोरलच्याही मुळावर येऊ शकतं. आणि टँकमध्ये त्रास देणारे जे तीन-चार प्रकार आहेत त्यांचा उपाय एकसारखा नाही, त्यामुळे कोणता ते कळल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

शेजारच्या शाळेत किंवा ज्युनियर कॉलेजात विनंती केली तर कुणीही दाखवेल, ४०० पट मोठं दिसलं की पुरे. नमुना ताजा न्या, टँकच्याच पाण्यात, दुपारचा, आणि दोन वेगळे न्या, एक वाळूवरचा एक दगडावरचा. एक थेंब, वर कव्हरस्लिप, बस.

काय बघायचं? कलिंगडाच्या बीसारखा, एका टोकाला निमुळता आकार असेल आणि ते बी एका जागी खुंट्याला बांधल्यासारखं गोल गोल फिरत असेल तर ऑस्ट्रिऑप्सिस. लांबट-गोल असेल, पुढे छोटीशी चोच असेल आणि इकडून तिकडे सरसर पळत असेल तर अँफिडिनियम. काचेच्या होडीसारखे सरळ रेषा असलेले, जवळजवळ स्थिर किंवा हळूच सरकणारे ते डायटम. आणि लांब धागे, मण्यांच्या माळेसारखे किंवा आडव्या रेघा असलेले, ते सायनो. एकदा हलताना बघितलं की पुन्हा कधी चुकणार नाही.

मोबाईल आयपीसला लावून व्हिडिओ काढा, फोटोपेक्षा हालचालीवरून ओळख पटते.

किनारा_रत्नागिरी
मध्येच विचारतो, ड्राय रॉकमुळे हे होतं म्हणताय तर मग मालवणला माझा मित्र आहे, तिथून खडकावरचा जिवंत दगड आणला तर चालेल ना? फुकटात मिळेल, त्यावर सगळी जीवसृष्टी असते.

सागरगोटा
@किनारा_रत्नागिरी अजिबात नको. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि दगड बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मेलेला तुकडा उचलला तरी तो प्रवाळच. कायदा बाजूला ठेवला तरी तिथे आधीच थोडं प्रवाळ आहे, आपल्या काचेच्या पेटीसाठी तिथून ओरबाडायचं हे मला पटत नाही. जिवंतपणा हवा असेल तर एखाद्या जुन्या टँकवाल्याकडून मूठभर वाळू आणि केटो (गुंत्यासारखं वाढणारं उपयोगी शेवाळ) घ्या, तेवढ्याने खूप फरक पडतो.

खारंपाणी_पुणे
बघून आलो!! भाचीच्या शाळेतल्या सायन्सच्या मॅडमनी शनिवारी लॅब उघडून दिली, त्यांचे किती आभार मानू. दगडावरच्या नमुन्यात कलिंगडाच्या बिया, शंभर टक्के, आणि त्या खरंच खुंट्याला बांधल्यासारख्या फिरतायत, भाची तर अर्धा तास डोळा काढायला तयार नव्हती. वाळूवरच्या नमुन्यात पण तेच, चोचवाले एकही दिसले नाहीत, मध्ये मध्ये थोडे डायटमच्या होड्या. व्हिडिओ मायक्रोताईंना पाठवलाय.

मायक्रोताई_कोल्हापूर
बघितला. ऑस्ट्रिऑप्सिस आहे, नक्की. आणि त्रास देणाऱ्यांमध्ये हा त्यातल्या त्यात बरा, कारण तो रात्री दगड सोडून पाण्यात पोहायला येतो, म्हणूनच तुमची वाळू सकाळी पांढरी दिसते. पाण्यात येणाऱ्याला यूव्हीने (पाणी ज्याच्या जवळून फिरवतात त्या अतिनील दिव्याने) पकडता येतं. अँफिडिनियम असता तर तो रात्रीही वाळूतच बसतो, त्याला यूव्हीचा काही उपयोग नसतो, तिथे लोक मुद्दाम सिलिकेट घालून डायटम वाढवतात म्हणजे ते जागा अडवतात. तुम्हाला ती गरज नाही.

सागरगोटा
छान काम केलंत. आता नीट ऐका.

जीएफओ आजच काढा. वॉटर चेंज बंद. खाणं रोज द्या, दोनदा दिलं तरी चालेल. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन मात्र ताजा घाला आणि दर आठवड्याला बदला, डायनोज मरताना जे विष सोडतात ते तो धरतो. राहिलेले दोन टर्बो कुणाकडे ठेवायला देता आले तर द्या, बिचारे वाचतील.

मग नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) पर्यंत न्यायचं आणि तिथेच धरून ठेवायचं. मला माहितीय की आठ महिने शून्य शून्य ऐकल्यावर हे हाताने पाण्यात घालणं किती जड जातं. पण खाण्याने एवढ्या लवकर वाढणार नाही, डोस करावंच लागेल. १६.३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट १ लिटर आरओडीआय पाण्यात विरघळवा, त्यातले २० मिली तुमच्या २०० लिटरमध्ये घातले की नायट्रेट १ ने वाढतं. रोज १, पाच दिवस, मग मोजा. फॉस्फेटसाठी मोनोपोटॅशियम फॉस्फेट १.४३ ग्रॅम १ लिटरमध्ये, त्याच्या १ मिलीत १ मिलिग्रॅम फॉस्फेट. ६ मिली घातलं की ०.०३ वाढतं. रोज ६ मिली घाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घालायच्या आधी मोजा. पहिले काही दिवस परत शून्यच येईल कारण तुमचा दगड ते पिऊन टाकणार, घाबरू नका, पण वैतागून एकदम जास्तही ओतू नका.

हॅनाचा तुमच्याकडचा चेकर फॉस्फरस पीपीबीत (पीपीएमच्या हजाराव्या भागात) दाखवतो का? तसं असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणायचं म्हणजे फॉस्फेट पीपीबी येतं. १६ दिसलं म्हणजे फॉस्फेट साधारण ०.०५ पीपीएम. हे न गुणल्यामुळे कितीतरी लोक तिप्पट डोस घालून बसतात.

यूव्ही घ्या. डायनोजसाठी मी दर ११-१२ लिटरला १ वॅट धरतो, म्हणजे तुम्हाला १८ वॅटचा. सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) लावू नका, डिस्प्लेतून म्हणजे मुख्य टँकमधून थेट पाणी घेऊन परत डिस्प्लेतच सोडा, पंप ताशी ५००-६०० लिटरचा बास. रात्री तर चालू हवाच. यूव्ही लागल्यावर तीन दिवस ब्लॅकआउट, लाइट बंद आणि टँकला जाड चादर. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि एक एअर स्टोन चालू ठेवा, मेलेले डायनोज सडताना ऑक्सिजन खातात. रोज रात्री झोपायच्या आधी टर्की बास्टरने दगड-वाळू फुंका म्हणजे ते पाण्यात येतील आणि यूव्हीत जातील.

आणि ते मागच्या काचेवरचं हिरवं केसाळ शेवाळ, त्याला सध्या हात लावायचा नाही. ते तुमच्या बाजूचं आहे.

द्राक्षबाग_नाशिक
मी पहिल्यांदा डायटम म्हटलं ते चुकलं, माफ करा, शिकायला मिळालं. एक विचारू का, आमच्या द्राक्षाच्या ड्रिपला आम्ही १३-०-४५ आणि ०-५२-३४ सोडतो, १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच आणि ०-५२-३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट, घरात गोण्या पडल्यात. ते चालेल का? लागलं तर पुण्याला पाव किलो पाठवतो.

सागरगोटा
@द्राक्षबाग_नाशिक मीठ तेच आहे, बरोबर ओळखलंत, पण शेतीच्या मालात थोडी इतर भेसळ, कधी मायक्रोन्यूट्रिएंट मिसळलेले असतात, आणि तांबं अगदी किंचित जरी असलं तरी स्नेल, श्रिंप आणि कोरलला झेपत नाही. लॅब ग्रेड १०० ग्रॅमची बाटली वर्षभर पुरते आणि महागही नाही, तीच घ्यावी. प्लँटेड टँकवाल्यांकडे (गोड्या पाण्यात वनस्पती वाढवणाऱ्यांकडे) असतेच.

शारजा_रीफ
यूव्हीबद्दल थोडं. इथे उन्हाळ्यात चिलरशिवाय रीफ ठेवताच येत नाही म्हणून सांगतो, यूव्हीचा दिवा आणि त्याचा पंप मिळून पाणी थोडं गरम करतातच. पुण्यात मार्च-एप्रिल चालू होतोय, चिलर नसेल तर आत्तापासून तापमानावर नजर ठेवा. आणि दिव्याची क्वार्ट्झ नळी महिन्यातून एकदा साफ करा, तिच्यावर क्षार चढला की उजेड पाण्यापर्यंत पोचत नाही आणि आपण समजतो यूव्ही चालू आहे. दिवा लागलेला असताना उघडून डोळ्याने बघू नका कधीही.

खारंपाणी_पुणे
दुसऱ्या आठवड्याचा अपडेट, आणि चांगला नाही. नायट्रेट ४ पर्यंत आलं. फॉस्फेट मात्र रोज ६ मिली घालूनही सलग आठ दिवस सकाळी शून्य, नवव्या दिवशी हॅनावर ५ दिसलं. यूव्ही चार दिवसांपूर्वी लावला. पण डायनोज आधीपेक्षा जास्त दिसतायत, आता लेदरवर पण जाळं, लेदर आठवडाभर उघडलेलंच नाही. काल रात्री बादली काढून मीठ मिसळायला घेतलं होतं वॉटर चेंजसाठी, मग तुमची पोस्ट परत वाचून थांबलो. खरंच थांबायचं का?

सागरगोटा
थांबायचंच. तुम्ही जे बघताय ते मीही बघितलंय, डोस चालू केल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस वाढल्यासारखं वाटतं कारण खाणं त्यांनाही मिळतंय आणि त्यांचे शत्रू अजून उगवायचेत. आत्ता वॉटर चेंज केलंत तर आठ दिवस दगडाला पाजलेलं फॉस्फेट वाया. लेदर बंद राहू द्या, ते महिनाभर बंद राहून सुद्धा परत उघडतात, वरची मेणासारखी साल टाकतात. त्याच्यावरचं जाळं फक्त पंपाचा प्रवाह त्या बाजूला वळवून उडवा.

उद्यापासून ब्लॅकआउट घ्या. मला व्यक्तिगत मेसेज टाका, रात्री बोलू.

मायक्रोताई_कोल्हापूर
आणि शक्य असेल तर ब्लॅकआउटनंतर परत एक थेंब बघून या. डोळ्यांना दिसणारं जाळं आणि प्रत्यक्ष पेशींची संख्या यात फरक असतो. जिवंत फिरणाऱ्या किती आणि नुसती पडलेली रिकामी टरफलं किती हे मोजलं की मनाला आधार मिळतो.

खारंपाणी_पुणे
पाचवा आठवडा. सांगायला खूप आनंद होतोय.

ब्लॅकआउटनंतर चौथ्या दिवशी सकाळी चादर काढली तर वाळू पांढरी, आणि मुख्य म्हणजे दुपारी चार वाजता पण पांढरीच होती. मग दोन दिवसांनी थोडे तंतू वेव्हमेकरवर आले, परत रात्री फुंकत राहिलो. भाचीला घेऊन परत लॅबमध्ये गेलो, पहिल्या वेळी एका नजरेत वीस-पंचवीस बिया फिरताना दिसत होत्या, या वेळी अख्खी स्लाइड फिरवून तीन सापडल्या आणि बाकी सगळी टरफलं, बारीक हिरवे गोल जीव, डायटम, आणि एक कुठलातरी बारका किडा ते सगळं खात फिरत होता. भाचीने त्याचं चित्र काढून फ्रिजवर लावलंय.

नायट्रेट ७, फॉस्फेट हॅनावर १८ म्हणजे ०.०५५. आता रोज घालावं लागत नाही, तीन दिवसांतून एकदा ५ मिली. काचेवर दोन दिवसांत हिरवा थर येतो, आधी याचा राग यायचा. झोआ सगळ्या उघड्या. लेदरने रविवारी साल टाकली.

किनारा_रत्नागिरी
जबरदस्त! अभिनंदन!

शारजा_रीफ
वा! यूव्ही लगेच काढू नका, अजून दोन-तीन महिने ठेवा.

खारंपाणी_पुणे
ठेवणारच. आता तो पिसांचा विषय राहिलाय. दगडाच्या कोपऱ्यातलं गडद हिरवं आता खाणं मिळाल्यावर तिप्पट झालंय. हाताने उपटलं तर आठवड्यात परत येतं. टर्बो तोंड लावत नाही.

सागरगोटा
जवळून बघा, मधे एक दांडा आणि दोन्ही बाजूंना बारीक पिसं, चिमणीच्या पिसासारखं? मग ते ब्रायॉप्सिस. साधं केसाळ शेवाळ सुटं असतं, दांडा नसतो, आणि स्नेल-अर्चिन ते आवडीने खातात. ब्रायॉप्सिस सहसा कुणी खात नाही, उपासमारीनेही लवकर जात नाही.

यावर फ्लुकोनाझोल चालतं, बुरशीचं औषध, लिटरला २० मिलिग्रॅम. तुमच्या २०० लिटरला ४००० मिलिग्रॅम, म्हणजे १५० च्या २७ गोळ्या. कार्बन आणि यूव्ही काढून ठेवावे लागतात, दोन-तीन आठवडे लागतात. पण तुम्ही आत्ता हे करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ते साधं केसाळ शेवाळही बरंच मारतं, म्हणजे डायनोजसमोर जी फौज तुम्ही पाच आठवडे उभी केलीत तीच जाईल, आणि यूव्ही बंद. एकाच दगडावर असेल तर तो दगड बाहेर काढा. मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं, तेवढंच आरओडीआय पाणी घालून ३ टक्के करा, ब्रशने फक्त त्या पिसांवर लावा, पाच मिनिटं थांबा, टँकच्या पाण्यात विसळून परत ठेवा. पांढरं पडून दोन-तीन दिवसांत झडतं. आठवड्याने राहिलेल्यावर परत.

त्या दगडावर झोआ असतील तर ग्लोव्हज आणि चष्मा, झोआंच्या काही जातींमध्येही तसलंच जहर असतं. तो दगड उकळत्या पाण्यात घालायचा विचार तर कुणीही करू नये, त्या वाफेने घरातली माणसं दवाखान्यात गेल्याची उदाहरणं आहेत.

द्राक्षबाग_नाशिक
माझ्याकडे हिरवे काचेच्या गोट्यांसारखे बुडबुडे आलेत दगडावर, ते पण असंच का?

सागरगोटा
ते व्हॅलोनिया, बबल अल्गी. फोडू नका टँकमध्ये, सायफन शेजारी धरून बुडासकट काढा. एमराल्ड क्रॅब खातो, प्रत्येकच खातो असं नाही. वेगळा धागा काढा, फोटो टाका, इथे खारंपाणींचा विषय चालू दे.

खारंपाणी_पुणे
नऊ आठवडे. पिसं दोनदा पेरॉक्साइड लावून गेली, एक छोटा ठिपका आहे त्यावर लक्ष ठेवतोय. डायनोज डोळ्यांना दिसत नाहीत, गेल्या शनिवारी स्लाइडवर एकही मिळाला नाही. मागच्या रविवारी ठाण्याला जाऊन सागरगोटा दादांकडून डबाभर जुनी वाळू आणि केटोचा गोळा आणला, वहिनींनी जेवूनच सोडलं. आता रात्री टॉर्च मारला की काचेवर कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातले बारीक जीव) पळताना दिसतात, आधी एकही नव्हता. नवीन तीन टर्बो आणलेत, आज अकरावा दिवस, तिघंही काचेवर आहेत.

वॉटर चेंज परत सुरू करू का, आणि किती?

सागरगोटा
दर पंधरा दिवसांनी १० टक्के. बदलल्यावर दुसऱ्या दिवशी नायट्रेट-फॉस्फेट मोजा, फॉस्फेट हॅनावर १० च्या खाली गेलं तर त्याच दिवशी ४ मिली घाला, वाट बघू नका. आणि भाचीने काढलेलं ते चित्र इथे टाका.